पाहुणा मल्ल आणि घरचा जोर

एकमेकांशी गाठ पडण्याचं काहीच कारण नसलेले दोन मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले होते. एक कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, बावन्न किलोच्या आतला खाशाबा दादासाहेब जाधव. दुसरा बेल्जियमचा, ८७ किलो गटातला चार्ल्स इस्ताझ. खाशाबांचा सहावा क्रमांक आला. इस्ताझला पदक मिळालं नाही. पुढे चार वर्षांनी खाशाबांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते म्हणून त्यांचं नाव कायमचं लागलं. इस्ताझने मात्र ऑलिंपिकचा रस्ता सोडून पैशाची कुस्ती धरली, कार्ल गॉच हे नाव घेतलं, १९६१ साली जपानचा दौरा केला आणि पुढे तिथल्या मल्लांनी त्याला ‘कुस्तीचा देव’ ही पदवी दिली. या देवाने जपानी पोरांकडून रोज काय करून घेतलं, तर जोर आणि बैठका. गोळेश्वरच्या, कुंडलच्या, कवठेपिरानच्या तालमीत पहाटे जे चालायचं तेच. परदेशी मल्लाचा जपान दौरा हा विषय सातारा-सांगलीच्या वाचकाला दूरचा वाटण्याचं कारण नाही, ते यामुळे. आपल्या मातीतला व्यायाम एका बेल्जियन माणसाबरोबर टोकियोला गेला, तिथे मुरला, आणि त्यातून एक परंपरा उभी राहिली. आपण पाठवलेले मल्लही जपान्यांशी भिडले, जपानला गेले, परत आले. पण त्यांच्या जाण्यायेण्यातून इथे तशी व्यवस्था उभी राहिली नाही. हा फरक बळाचा किंवा डावपेचांचा नव्हता. बाहेरून आलेल्या किंवा बाहेर जाऊन आलेल्या मल्लाचं पुढे काय करायचं, हे जपानने ठरवलं होतं आणि आपण ठरवलं नव्हतं. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे आणि ते पुराव्याने तपासायचं आहे.

जपानमधली व्यावसायिक कुस्ती ही जवळजवळ संपूर्णपणे पाहुण्यांनी घडवलेली चीज आहे. १९५१ च्या शरद ऋतूत बॉबी ब्रन्स या अमेरिकन मल्लाच्या नेतृत्वाखाली एक टोळी टोकियोत आली. देश अजून अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. सुमो सोडून बसलेला, मूळचा कोरियन असलेला रिकिदोझान त्या टोळीबरोबर रिंगणात उतरला आणि पहिल्याच कुस्तीत ब्रन्सशी दहा मिनिटं बरोबरीत सुटला. तिथे थांबला असता तर ती एक हकीकत राहिली असती. पण दुसऱ्याच वर्षी तो शिकण्यासाठी हवाईला आणि तिथून अमेरिकेला गेला, परत येऊन १९५३ साली त्याने स्वतःची संघटना उभी केली आणि मग पाहुण्यांना बोलावणं स्वतःच्या हातात घेतलं. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी बेन आणि माइक शार्प या कॅनेडियन भावांशी रिकिदोझान आणि जुदोपटू किमुरा यांची जोडकुस्ती टोकियोच्या सुमो-भवनात झाली. दूरचित्रवाणी नुकतीच सुरू झालेली होती, घरात संच घेणं फार थोड्यांना परवडत होतं, म्हणून चौकाचौकांत, स्टेशनांसमोर संच लावलेले होते. त्यांच्यापुढे हजारो माणसं मान वर करून उभी राहिली. १९५७ च्या ऑक्टोबरात जगज्जेता लू थेझ आला आणि रिकिदोझानशी पूर्ण साठ मिनिटं लढून बरोबरी झाली. आपल्याकडचे मल्लही या फेऱ्यांत होते. १९५५ च्या हिवाळ्यात टोकियोत आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा झाली तेव्हा दारासिंग तिथे गेले होते, आणि जोडकुस्तीचं पहिलं अजिंक्यपद किंग काँग व टायगर जोगिंदरसिंग या जोडीने नेलं. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या मंडळींच्या कुस्त्या पाहिलेली पिढी सातारा-सांगलीतून गिरणीत गेलेल्या माणसांची होती. किंग काँगचं नाव आपल्या खेडोपाडी पोहोचलं ते त्यांच्या तोंडून.

यातले बहुतेक पाहुणे आले, लढले, बिदागी घेऊन गेले. जपानी प्रेक्षकाला ते हवेच होते: युद्धात हरलेल्या देशात धिप्पाड गोऱ्या मल्लाला छातीवर हाताचे तडाखे बसताना पाहण्यात एक भरपाई होती. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण जपानने प्रत्येक पाहुण्याला गुरू मानलं असा भाबडा दावा कुणी केला तर तो टिकणार नाही. पुढे सत्तरच्या दशकात टायगर जीतसिंग हा पंजाबातून कॅनडात गेलेला मल्ल जपानमध्ये गाजला तो डोक्याला फेटा, दातांत तलवार अशा खलनायकाच्या रूपात. हिंदुस्थानी माणूस रिंगणात आला तेव्हा जपानने त्याच्याकडून तमाशा घेतला, आणि हिंदुस्थानी व्यायाम मात्र बेल्जियन माणसाकडून घेतला, ही गोष्ट आपल्याला बोचण्यासारखी आहे. पण तिच्यातूनच जपानी पद्धत स्पष्ट दिसते. समोरच्या रिंगणात पाहुण्याचा वापर एका कामासाठी, मागच्या आखाड्यात दुसऱ्या कामासाठी. आणि मागच्या आखाड्यात कुणाला ठेवायचं याची निवड बारकाईने केलेली.

गॉचला मागच्या आखाड्यात ठेवलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो तरुण मल्लांचा शिक्षक झाला, आणि अंतोनियो इनोकीने १९७२ साली नवी संघटना काढली तेव्हा ६ मार्चच्या उद्घाटनाच्या मैदानात प्रमुख कुस्ती इनोकी विरुद्ध गॉच अशीच ठेवली गेली. तीत गॉच जिंकला. गुरूने शिष्याला हरवून शिष्याच्या संस्थेचं उद्घाटन व्हावं, यात त्या नात्याचं मोल कळतं. शिकवणीची रीत अशी होती. गॉच पत्त्यांचा जोड पिसून समोर ठेवायचा. एका रंगाचं पान आलं की जोर, दुसऱ्या रंगाचं आलं की बैठका. पानावरचा आकडा तेवढे मारायचे आणि लगेच पुढचं पान उलटायचं. पानं संपेपर्यंत उसंत नाही. बैठक कशी, तर पाय खांद्याइतके फाकवून, खाली जाताना टाचा उचलून भार चवड्यांवर घेत, हात मागून पुढे झोकत वर येत. पाठ ताठ, श्वास लयीत. जोर कसा, तर आधी कंबर वर, मग नाक-छाती जमिनीला घासून जाईल अशी बुडी मारत पुढे सरकायचं, कंबर खाली सोडून मान वर काढायची आणि पुन्हा मागे यायचं. सातारा-सांगलीच्या कुठल्याही तालमीत लंगोट कसलेलं पोरगं हे ओळखेल. वस्ताद पत्त्यांऐवजी तोंडाने मोजतो, इतकाच भेद. जोडीला मुद्गल फिरवणं, मानेवर भार घेऊन पुलासारखं वाकणं, दोरखंड चढणं. वजनं उचलून फुगवलेल्या शरीरापेक्षा स्वतःच्याच वजनाशी तासन्‌तास झुंजलेलं शरीर कुस्तीत जास्त टिकतं, हा गॉचचा ठाम विश्वास होता, आणि जोर-बैठकांवर उभ्या असलेल्या आपल्या सगळ्या मल्लविद्येचा पायाही तोच आहे. जपानमधल्या व्यायामशाळांत ही बैठक आजही ‘हिंदू स्क्वॅट’ म्हणूनच मारली जाते, आणि नवख्या पोराची पहिली परीक्षा शेकड्यांनी बैठका मारण्यातच होते.

हे व्यायाम युरोपात कसे रुजले, त्याचा एक टप्पा सर्वांना ठाऊक आहे. १९१० साली गामा, त्यांचे धाकटे बंधू इमामबक्ष आणि सोबतचे मल्ल लंडनला गेले. गामांनी अमेरिकन डॉक्टर रोलरला सहज चीत केलं. पोलंडचा झ्बिश्को त्यांच्यासमोर दोन-अडीच तास जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. तेव्हापासून हिंदुस्थानी मल्ल किती आणि कशा बैठका मारतात याबद्दलचं कुतूहल युरोपातल्या व्यावसायिक मल्लांत होतं. गॉचने पकडींचं शिक्षण इंग्लंडमधल्या विगन गावी बिली रायलीच्या आखाड्यात घेतलं, शरीर हिंदुस्थानी व्यायामाने कमावलं आणि दोन्हींचं मिश्रण जपानला नेलं. थोडक्यात, टोकियोत पोहोचलेली ती शिदोरी निम्मी विगनची आणि निम्मी आपली होती.

इथे एक रास्त आक्षेप येतो. व्यावसायिक रिंगणातल्या कुस्त्यांचा निकाल आधी ठरलेला असतो. मग तिथल्या शिकवणीला कुस्तीच्या इतिहासात जागा का द्यावी? आपल्या मैदानांनाही नुरा कुस्ती काही अपरिचित नाही. दोन्ही पैलवानांनी आधी संगनमत करून खडाखडी लांबवायची आणि बरोबरीत सोडवून घ्यायची, असा संशय आला की हलगी थांबते आणि प्रेक्षक उठतात. जपानमध्ये निकाल ठरलेले असत हे खरंच आहे. पण निकाल ठरलेला असला म्हणून शरीर ठरवून मिळत नाही, आणि पकडीचं ज्ञान तर मुळीच नाही. याची कसोटी १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लागली. इनोकी पाकिस्तानात लढायला गेला होता. समोर इमामबक्ष यांचे चिरंजीव, म्हणजे गामांचे पुतणे, अक्रम पैलवान. कुस्ती दिखाऊ राहिली नाही, खरीच जुंपली. इनोकीने अक्रमचा हात मागे पिरगाळून असा जखडला की सोडवणं अशक्य झालं. अक्रमने हार कबूल केली नाही आणि हात जायबंदी झाला. ज्या घराण्याने जोर-बैठकांचं नाव जगात नेलं त्याच घराण्याचा मल्ल जोर-बैठकांवरच घडलेल्या जपान्याकडून हरला. हरला तो दमात किंवा ताकदीत कमी पडून नव्हे. आपल्या कुस्तीत निकाल चितपटीने होतो, हात जखडून शरण आणण्याने नाही. म्हणून ते कसब त्याच्या तालमीत कधी घोटलंच गेलं नव्हतं. इनोकीकडे आपला व्यायाम होता आणि त्यावर विगनची पकड होती. गॉचच्याच शिष्यशाखेतून पुढे फुजिवारा, सायामा, माएदा यांच्यासारखे मल्ल निघाले, निकाल न ठरवता लढायच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि १९९३ साली त्यातल्या एका संघटनेला ‘पँक्रेस’ हे प्राचीन ग्रीक मल्लविद्येवरून घेतलेलं नावही गॉचनेच सुचवलं. नुरा कुस्तीच्या धंद्यातून खऱ्या कुस्तीची शाळा निघाली, हे विचित्र वाटलं तरी घडलेलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यावसायिक रिंगण आणि ऑलिंपिकची गादी ही दोन वेगळी जगं. गॉचमुळे जपानला सुवर्णपदकं मिळाली असं म्हणता येत नाही. ते मी म्हणतही नाही. जपानची ऑलिंपिक कुस्ती गॉच येण्याच्या कितीतरी आधीची आहे. पण तिची सुरुवात पाहिली तर तीच सवय दिसते. वासेदा विद्यापीठाचे जुदोपटू अमेरिकेत गेले, तिथल्या कुस्तीगिरांशी त्यांच्या नियमांनी लढले आणि हरले. हरल्यावर त्यांनी जुदोच श्रेष्ठ म्हणून विषय मिटवला नाही. इचिरो हात्ता आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३१ साली विद्यापीठात कुस्तीचं मंडळ काढलं आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला जपानी कुस्तीगीर गेले. युद्धानंतर अमेरिकी प्रशासनाने शाळांतून जुदोला बंदी केली तेव्हा जुदोची पोरं कुस्तीकडे वळली. १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटाचं सुवर्ण शोहाची इशीने जिंकलं, आणि त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण होतं. १९५६ ला दोन सुवर्णं आली. १९६० ला रोममध्ये एकही नाही. तेव्हा हात्तांनी शिस्तीचा बडगा उगारला, पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट केली: योजिरो उएताके या तरुणाला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात शिकायला धाडलं. तिथल्या विद्यार्थी-स्पर्धांत तो अजिंक्य राहिला आणि १९६४ ला टोकियोत त्याने ५७ किलोचंच सुवर्ण घेतलं. त्या वर्षी जपानने कुस्तीत पाच सुवर्णं मिळवली. रिंगण आणि गादी या दोन जगांत माणसं वेगळी होती, पैसा वेगळा होता. बाहेरच्याकडून घेतलेलं घरात मुरवण्याची रीत मात्र एकच होती.

आता हेलसिंकीच्या त्याच ५७ किलो गटाकडे आपल्या बाजूने पाहू, कारण तुलनेला याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. खाशाबांनी २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक घेतलं. त्याआधी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले होते. हरले ते इशीकडून आणि सोविएत संघाच्या राशिद मम्मदबेयोव्हकडून. खाशाबांच्या बाजूने ही हकीकत अशी सांगितली जाते की इशीशी कुस्ती लांबली, आणि मध्ये विश्रांती मिळायला हवी असताना त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं. हक्काचा वेळ मागायला आपला कुणी अधिकारी तिथे नव्हता. ते काहीही असो, हा मल्ल मातीत तयार झाला होता आणि ढाक हा त्याचा हातखंडा डाव होता. गादीशी त्याची खरी ओळख लंडनला झाली, आणि तिथे त्याला रीस गार्डनर हा अमेरिकन मार्गदर्शक मिळाला. थोड्या काळाच्या त्या शिकवणीवर सहाव्या क्रमांकापर्यंत मजल गेली, आणि चार वर्षांनी पदकापर्यंत. परदेशी गुरूचा उपयोग होतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधायला टोकियोला जावं लागत नाही, ते गोळेश्वरातच मिळतं. प्रश्न त्यानंतरचा आहे. लंडनच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला होता. हेलसिंकीच्या वेळी मुंबई सरकारकडे हात पसरून फारसं काही मिळालं नाही, गावोगाव वर्गणी झाली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं देणं फेडलं. देशाला पदक देणाऱ्या मल्लाचं पदकानंतरचं पहिलं काम घर सोडवून देण्याचं होतं. इशीच्या सुवर्णानंतर बारा वर्षांत जपानमध्ये काय उभं राहिलं ते वर आलंच आहे. खाशाबा १९५५ ला पोलीस खात्यात लागले, १९८४ ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळायला विसावं शतक सरावं लागलं. कुस्तीत पुढचं ऑलिंपिक पदक भारताने पाहिलं ते २००८ साली, छप्पन्न वर्षांनी.

गरिबीचं कारण इथे हमखास पुढे येतं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. गादी महाग, परदेशी शिक्षक त्याहून महाग. दुष्काळी माण-खटाव आणि जतच्या माणसाला खुराकाचीच भ्रांत. पण १९५२ चा जपान श्रीमंत नव्हता. त्याची शहरं बॉम्बहल्ल्यांत जळलेली होती, परकी अंमल त्याच वर्षी एप्रिलमध्ये उठला होता, आणि जुलैत इशी सुवर्ण घेऊन गेला. शिवाय आपला स्वतःचा इतिहासच गरिबीचं कारण पुरतं पटू देत नाही. शाहू महाराजांनी पंजाबचे नामांकित मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले होते. त्यांना राहायला जागा, खुराक आणि मान दिला, त्यांच्याशी आपली पोरं भिडवली, आणि त्या वातावरणात या सगळ्या पट्ट्याची कुस्ती वाढली. म्हणजे पाहुण्याला घरी ठेवून घ्यायची रीत आपल्याला अगदीच परकी नव्हती. औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव यांनी सूर्यनमस्कारांसाठी केलेली खटपट पाहा: स्वतः घातले, शाळांत सक्तीचे केले, पुस्तक लिहिलं. त्यांच्याच संस्थानातलं कुंडल गाव कुस्तीच्या मैदानासाठी आजही ओळखलं जातं. संस्थानं १९४८-४९ मध्ये विलीन झाली. ती जाणं योग्यच होतं, त्याबद्दल हळहळ नको. पण मल्ल पोसण्याचं आणि बाहेरचं ज्ञान आणून रुजवण्याचं जे काम त्यांच्याकडे होतं ते पुढे कुणी उचललं नाही. यात्रा-कमिटीने इनाम लावलं, साखर कारखान्यांनी काही पैलवान मानधनावर ठेवले, दानशूरांनी खुराक दिला. हे सगळं मैदानापर्यंत पोहोचत होतं, तालमीपर्यंत फार कमी. जपानमध्ये विद्यापीठांनी जे काम केलं त्याला आपल्याकडे वारस मिळाला नाही.

टोकियोला गेलेल्या आपल्या मल्लाचं उदाहरण इथे घ्यायला हवं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतलं. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी त्याच स्पर्धेत नेमकं उलट, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतलं. एकट्या सांगली जिल्ह्याने एका स्पर्धेत चार पदकं आणली, हे आजच्या पिढीला सांगून खरं वाटत नाही. १९६४ ला आंदळकर टोकियो ऑलिंपिकमध्ये वजनदार गटात दोन्ही प्रकारांत लढले. पदक मिळालं नाही. रिकिदोझान दहा महिन्यांपूर्वी चाकूहल्ल्यात गेला होता, जपानी कुस्ती गादीवर पाच सुवर्णं लुटत होती, आणि पुनवतचा हा मल्ल त्या सगळ्याच्या मधोमध उभा होता. व्यवहारात तो व्यावसायिकच होता, हे विसरू नये. आपला पैलवान जोड ठरवून, इनाम घेऊन लढतो. त्याचं पोट कुस्तीवर चालतं. ऑलिंपिकच्या हौशी नियमांत त्याला बसवलं गेलं, पण कमाईच्या दृष्टीने तो थेझ आणि गॉच यांचाच भाऊबंद. फरक असा की गॉच पैशासाठी जपानला गेला आणि तिथे शिक्षक म्हणून नेमला गेला. आंदळकर देशासाठी गेले, परत आले, आणि कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी आयुष्य घातलं. तिथे त्यांनी घडवलेले मल्ल नामवंत झाले. पण त्यांच्या शिकवणीला एका तालमीपलीकडे नेणारी, टोकियोत दिसलेलं जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवणारी यंत्रणा त्यांच्या पाठीशी नव्हती. जे झालं ते एका माणसाच्या निष्ठेवर झालं.

सगळ्यात जिव्हाळ्याचा आक्षेप शेवटी घेतो. मातीची कुस्ती ही वेगळी विद्या आहे, तिला गादीच्या आणि पदकांच्या मापाने का मोजावं? माती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मिसळून आखाडा मळणं, शड्डू ठोकणं, वेळेचं बंधन नसलेली निकाली कुस्ती, जत्रेतली हलगी, हरलेल्याने जिंकलेल्याला उराशी धरणं, हे सगळं एका समाजाचं जगणं आहे आणि ते गुणांच्या तक्त्यात मावत नाही. हे मला मनापासून मान्य आहे. मातीची कुस्ती मोडून गादी अंथरा असं सांगणाऱ्यांशी माझं जमणार नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष, की मग बाहेरचं शिकायची गरज नाही, तो चुकीचा आहे. जपानने सुमो मोडला नाही. सुमोचं रिंगण, त्याचा विधी, त्याचं मीठ उधळणं जसंच्या तसं ठेवलं आणि शेजारीच दुसरं शिकायची सोय केली. खाशाबांनी ढाक सोडली नव्हती, ती गादीवर मारली. महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन गट वेगळे लढतात आणि त्यांचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. विट्याचे चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झाले ते सांगली जिल्ह्यातूनच. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे आपण स्पर्धेच्या पातळीवर मान्य केलेलं आहे. तालमीच्या पातळीवर ते यायचं तर गादीवरचा शिक्षक वस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षं बसला पाहिजे. मैदानाच्या दिवशी इराणचा किंवा जॉर्जियाचा मल्ल आणून त्याची कुस्ती लावणं म्हणजे शार्प बंधूंना आणणं झालं. तिकीट खपतं, पण तो गेल्यावर तालमीतल्या पोराच्या हातात काय उरतं?

आपल्याच मल्लविद्येच्या एका शाखेने हे उत्तर उशिरा का होईना शोधलं. अक्रमच्या पराभवानंतर १९७९ साली लाहोरला त्याचा तरुण पुतण्या झारा इनोकीसमोर उभा राहिला आणि कुस्तीच्या शेवटी इनोकीने स्वतः झाराचा हात वर केला. पुढे कित्येक वर्षांनी इनोकी पुन्हा पाकिस्तानात गेला तेव्हा त्याने झाराचा पुतण्या हारून आबिद याला शिकण्यासाठी जपानला नेलं. गामांच्या घराण्याचं पोर टोकियोच्या आखाड्यात गेलं तेव्हा तिथली रोजची सुरुवात बैठकांनीच होत होती. घरच्या तालमीत न मिळालेल्या पकडी शिकण्यासाठी त्याला तिथवर जावं लागलं. कऱ्हाड, विटा, शिराळा इथल्या पोरांना तेवढं लांब जावं लागू नये, याची तजवीज मातीच्या आखाड्याशेजारी गादी टाकून आणि तिच्यावर कायमचा शिक्षक नेमून होते, आणि त्याला एका मोठ्या मैदानाच्या इनामांहून फार जास्त पैसा लागत नाही.